खाऱ्या पाण्यात मशीन रडतं

समुद्राची गोष्ट म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे काय येतं ते मला माहीत आहे. सूर्य बुडतोय, माड हलतायत, कुणीतरी पाठमोरं उभं राहून आयुष्याचा विचार करतंय. ते सगळं बाजूला ठेवा. त्यात सोनं शोधायची गोष्ट म्हटल्यावर जुना नकाशा आणि गंजलेली पेटी मनात आली असेल, तर तीही ठेवा. माझ्या गोष्टीत समुद्र आहे, सोनंही आहे. पण मी पडलो अंबरनाथ पूर्वेचा. आमच्याकडे सगळ्यात मोठं पाणी म्हणजे बिल्डिंगची टाकी ओव्हरफ्लो होते ते. आणि सोनं म्हणजे एकच अंगठी. तीही माझी नाही, ताईची. साखरपुड्याची.

ती मी समुद्रात घालवली.

मला पहिल्यापासून नकला करायची खोड. शाळेत पी.टी.च्या सरांची शिट्टी मी तोंडानं वाजवायचो आणि अख्खी रांग सावधान व्हायची. कारखान्याचा भोंगा तर मी असा काढायचो की शेजारचे आजोबा डबा उचलून निघायचे, आणि त्यांना रिटायर होऊन तीन वर्षं झालेली. मार खाल्ला, पण आवाज सुटला नाही. कुणी बोलायला लागलं की त्याचा आवाज आपोआप माझ्या घशात येऊन बसतो, मी काय करू?

तेव्हा मी बारावी कॉमर्सला होतो. नव्वदच्या आसपासची गोष्ट. वडिलांच्या खात्यातल्या लोकांची सहल गेली अलिबागच्या पुढे नागावला, दोन बस भरून. जेवणं झाली, मोठी माणसं सुरूच्या झाडांखाली आडवी झाली. मी आणि ताई गुडघाभर पाण्यात. ताईचं लग्न ठरलेलं, साखरपुडा होऊन महिना झालेला. ती म्हणाली,

"त्यांची कर ना एकदा."

त्यांची म्हणजे तिच्या होणाऱ्या सासूबाईंची. बदलापूरच्या. ती नक्कल माझी त्या महिन्यातली सगळ्यात हिट. सासूबाई एक वाक्य बोलायच्या, मग हात पुढे धरून स्वतःच्या अंगठीकडे बघायच्या, जणू पुढचं वाक्य तिच्यावर लिहिलंय.

"अंगठीशिवाय होत नाही," मी म्हणालो.

"घे. पण सांभाळून."

मी ती करंगळीत घातली. पदर म्हणून ताईची ओढणी घेतली. हात लांब केला आणि नाकातून म्हणालो, "आमच्याकडे हे असं चालत नाही हं." ताई इतकी हसली की खाली बसली पाण्यात. ती हसतेय म्हटल्यावर मी अजून चढलो. हात अजून लांब. आणि मागून लाट आली. मी पडलो, उठलो, खारं पाणी थुंकलो, हात बघितला. करंगळी होती. अंगठी नव्हती.

बसचा हॉर्न वाजेपर्यंत आम्ही दोघं वाळू चाळत होतो. कुणाला काही सांगितलं नाही. परतीच्या बसमध्ये अंताक्षरी चालली होती आणि ताई खिडकीपाशी बोटाला रुमाल गुंडाळून बसली होती. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

साधी अंगठी असती तर गोष्ट वेगळी. पण ती सासूबाईंनी स्वतःच्या आईच्या पाटलीचं सोनं काढून करवली होती. बारीक वळं आणि वर लाल खडा, डाळिंबाच्या दाण्याएवढा. सगळ्यांदेखत सांगितलं होतं त्यांनी, "माझ्या आईचा हात आहे हा, समज." आणि पुढच्याच रविवारी बदलापूरची मंडळी आमच्याकडे येणार होती. आमच्याकडे चहा, मग सगळ्यांनी मिळून उल्हासनगरला बस्ता बांधायला. साड्या बघताना बाईचं लक्ष कुठं असतं? हातावर. म्हणजे सहा दिवस.

ताईनं घरी आल्याआल्या बोटाला चिंधी बांधली. आईला म्हणाली, तव्याचा चटका बसला.

सोमवारपासून माझा पाय घरात ठरेना. वर्गात बसलो तर बाकाखाली पाय हलत. झोपलो तर कानात लाट. एकच विचार: ती तिथंच आहे. सोनं काय पोहत नाही. डाव्या हाताला चुना मारलेली भिंत, उजव्या हाताला जोडीनं उभी असलेली दोन सुरूची झाडं, त्यांच्या बरोबर मधे मी पडलो होतो. जागा माहीत आहे, वस्तू माहीत आहे, फक्त मधे पाणी आहे. माणसाला वेड लागायला एवढं पुरतं.

मी सायकल काढली आणि उल्हासनगरच्या कॅम्प दोनला गेलो. तिथल्या एका गल्लीत एक म्हातारा सिंधी मेकॅनिक बसायचा. त्याला सगळे साईं म्हणत. दुकान म्हणजे दोन फुटांचं टेबल आणि पोट फाडलेले पन्नास टेपरेकॉर्डर. माझ्यावर त्याचा जीव, कारण मी त्याला गल्लीतल्या बाकीच्या दुकानदारांच्या नकला करून दाखवायचो. मला तो 'रेडिओ' म्हणायचा.

"साईं, सोनं शोधायचं मशीन बनतं का?"

"क्यों, किसी ने घर में हंडा गाड़ा है?"

"जमिनीतलं नाही. पाण्यातलं."

"कौन से पानी में?"

"समुद्राच्या."

त्यानं सोल्डरिंगची काडी खाली ठेवली. "क्या गिराया?"

मी सांगितलं. नक्कल करूनच सांगितलं, सवय. तो हसला नाही. चष्मा कपाळावर चढवला आणि टेबलाखालून एक फाईल ओढली. त्यात मासिकांतून कापलेली सर्किटं. बडीशेपेचा डबा त्यावर ठेवून त्यानं एक पान सपाट केलं.

"बीस साल से रखा है. कोई पूछने ही नहीं आया."

त्यानं मला ते कसं चालतं ते सांगितलं आणि मला ते एका झटक्यात कळलं, कारण सगळा मामला आवाजाचा होता. दोन शिट्ट्या. एक शिट्टी डब्यात, एक काठीच्या टोकाला तारेच्या रिंगमध्ये. दोघी अगदी सारख्या वाजत असतील तर कानाला काही ऐकू येत नाही. रिंगजवळ धातू आला की तिचा सूर सरकतो, आणि मग दोघींच्या भांडणाचा आवाज हेडफोनमध्ये येतो. कुंईं. बस, एवढंच. जिथं भांडण, तिथं सोनं.

"नहीं तो खिळा," साईं म्हणाला. "मशीन को सोना-लोहा नहीं समझता. वो तेरा काम."

तार गुंडाळायला पक्की गोल रिंग पाहिजे होती. मी घरी येऊन ताईला विचारलं. ती रुखवतात मांडायचा टेबलक्लॉथ भरत बसली होती. तिनं स्क्रू सैल केला, कापड काढून घेतलं आणि भरतकामाची लाकडी रिंग माझ्या हातात दिली.

"मिळेल?" एवढंच विचारलं.

"शंभर टक्के."

"तू शंभर टक्के म्हणालास की मला भीती वाटते."

मंगळवार त्यातच गेला. तार गुंडाळली, वरून मेणबत्तीचं मेण ओतलं, त्यावर दुधाच्या पिशव्यांचं प्लास्टिक आणि चिकटपट्टी. दांडा पाइपचा. डबा साबणाचा. हेडफोन कुणाच्या तरी मेलेल्या वॉकमनचे. दुकानासमोरच्या फरशीवर फिरवलं तर मशीन कोकिळेसारखं ओरडलं. फरशीखाली सळ्या होत्या.

"पानी में टेस्ट करना पड़ेगा," साईं म्हणाला.

आता बघा अक्कल. अंबरनाथमध्ये कुणी ओळखीचं बघेल म्हणून आम्ही बुधवारी दुपारी नदीवर गेलो, बदलापूरला. ताईच्या सासरच्या गावात! दोघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. साईंला तर माहीतच नव्हतं सासर कुठलं, पण मला होतं ना? अंगठीनं माझं डोकं एवढं खाल्लं होतं.

उल्हास नदी तिथं उथळ, गोटे दिसतात असं पाणी. साईं पँट दुमडून काठावर बडीशेपेचा डबा घेऊन बसला. मी आत. पाच मिनिटं झाली नाहीत तोच वर रस्त्यावर मोपेड थांबली आणि आवाज आला,

"काय रे! इकडे कुठे?"

होणारे भावोजी.

"कॉलेजचा प्रोजेक्ट, भावोजी."

"कॉमर्सला?"

"हो ना. आता सगळं बदललंय."

ते चप्पल काढून खालीच आले. माणूस चांगला, हीच अडचण. मशीन बघून त्यांचे डोळे चमकले. साईंनं कौतुकानं सगळं समजावलं, दोन शिट्ट्या, भांडण, सगळं. मी मागून साईंला डोळे मोठे करून खुणावतोय, आणि तो समजतोय की मला ऊन लागतंय.

"म्हणजे सोनं सापडतं?" भावोजींनी विचारलं.

"एकदम."

"थांब, बघू या." आणि त्यांनी आपल्या बोटातली अंगठी काढली. साखरपुड्याची. आमच्याकडून घातलेली. टुपुक करून पाण्यात टाकली.

मला वाटलं आता मी इथंच बसतो आणि वाहत कल्याणला जातो. एकाच घरातल्या दोन्ही अंगठ्या माझ्या नावावर! रिंग फिरवली. एकदा. दोनदा. कुंईं! वाकलो, गोट्यांमध्ये बोटं घातली, आणि अंगठी हाताला लागली. दीड मिनिट लागलं असेल. साईं काठावर उभा राहून टाळ्या वाजवत होता.

"कमाल आहे," भावोजी अंगठी पुसत म्हणाले. "आता समुद्रात जरी पडली तरी फिकीर नको."

मी जे हसलो, ते हसणं अजून मला कुणाची नक्कल म्हणून जमलेलं नाही.

घरी मात्र दिवस आवळत चालले होते. आई रोज ताईचं बोट धरायला बघायची. "अगं दाखव तर, पिकलंय का? चार दिवस कसला चटका?" ताई हात मागे घ्यायची. आई हळद घेऊन मागे, ताई पुढे, स्वयंपाकघरातून बाहेर, बाहेरून गॅलरीत. मी मधे काहीतरी बोललो तर दोघी माझ्यावर ओरडायच्या. वडील पेपरमागून एवढंच म्हणाले, "या घरात काहीतरी शिजतंय." नेहमीचंच शिजत होतं, पण मला वरणसुद्धा गिळवेना.

शुक्रवारी मी कॉलेजच्या नावानं पहाटेच बाहेर पडलो. कल्याणहून एस.टी., पनवेल, पेण, अलिबाग. मशीन गोणपाटात गुंडाळलेलं. कंडक्टर म्हणाला, "गळ आहे का?" मी म्हटलं, "हो, सोन्याचा मासा धरतोय." तो म्हणाला, "मग पुढं सरक." सोबत एक पिशवी, त्यात आईचा झारा. वडे तळायचा, भोकाभोकांचा. वाळू गळून जाईल आणि वस्तू वर राहील, ही आयडिया माझी स्वतःची. अख्ख्या प्रवासात मी चार वेळा सीट बदलली. शेजारी बसलेले काका शेवटी म्हणाले, "बाळा, लागली असेल तर सांग, गाडी थांबवायला लावतो."

साडेदहाला किनाऱ्यावर. ओहोटी होती. चुन्याची भिंत जागेवर, दोन झाडं जागेवर. मी चपला झाडाखाली काढल्या, हेडफोन लावले, बटण फिरवून दोन्ही शिट्ट्या जुळवल्या. शांत. कोरड्या वाळूवर एकदम शांत. पुढे गेलो. ओली वाळू लागली.

आणि मशीन रडायला लागलं.

म्हणजे थांबेचना. ऊंऊंऊं. इकडे फिरवा, तिकडे फिरवा, सारखंच. मी आनंदानं खणलं. काही नाही. दोन पावलं पुढे खणलं. काही नाही. मग पाण्यात उतरलो तर आवाज अजून चढला, जणू अख्खा अरबी समुद्र सोन्याचा आहे. बटण फिरवून जुळवावं, तर लाट आली की पुन्हा सूर घसरतो. प्लास्टिक फाटलं का बघितलं. नाही. सेल बदलले. तेच. पंधरा मिनिटं मी तिथं मशीनला शिव्या घालत उभा, आणि मग एकदम डोक्यात पडलं. जिभेवर खारट चव होती, त्यावरूनच. नदीचं पाणी गोडं. हे मिठाचं. आठवीच्या प्रयोगात बीकरमध्ये मीठ टाकल्यावर बल्ब पेटला होता, आणि सरांच्या "करंट पास झाला रे" ची नक्कल मी वर्षभर केली होती. नक्कल पाठ, अर्थ नाही. आम्ही डोंगराकडची माणसं. पाणी ते पाणी, असंच धरून चाललो होतो.

रडू आलं. खरंच. वाळूत बसलो. मागच्या वेळची हसरी ताई समोर दिसत होती आणि परवा रविवार.

मशीन कानात चालूच होतं. ऊंऊंऊं. आणि माझी खोड. नकळत माझ्या घशातून तोच आवाज निघायला लागला. ऊंऊंऊं. मशीनचा आणि माझा सूर जुळला, आणि जुळल्याबरोबर मला तो आवाज ऐकू येईनासा झाला. म्हणजे होता, पण त्रास देईना. लाट आली, मशीन खाली घसरलं, मी त्याच्याबरोबर घसरलो. लाट गेली, वर आलो. मी ताडकन उठलो. अरे, मिठाचा आवाज कसा येतो? हळू येतो, हळू जातो, म्हाताऱ्याच्या जांभईसारखा. धातूचा असा येणार नाही. धातू चिमटा काढल्यासारखा येणार. मग मिठाची नक्कल आपण करत राहायची आणि जो आवाज नकलेत बसत नाही, तिथं खणायचं!

तसा मी गुडघाभर पाण्यात हेडफोन लावून, म्हशीसारखा हुंकारत फिरायला लागलो. दूर दोन पर्यटक उभे होते, ते हळूहळू अजून दूर गेले.

ऊंऊं, ऊंऊं, चिर्र! झारा घातला. बाटलीचा बिल्ला. नाचलो मी त्या बिल्ल्यासाठी. पुन्हा चिर्र, होडीचा खिळा. मग केसांची पिन. अजून दोन बिल्ले. चार आणे.

ओल्या वाळूत एक आजी वाकून तिसऱ्या, म्हणजे खायचे शिंपले, गोळा करत होत्या. आगरी असाव्यात, कमरेला घट्ट खोचलेलं लुगडं, बाजूला टोपली. बराच वेळ माझ्याकडे बघत होत्या.

"ए पोरा, तुजा रेडियो भिजलं ना."

"आजी, अंगठी हरवलीय. रविवारी."

"मंग वर कनाला खनतंस? जड वस्तू लाट काय वर ठेवतंय? खाली ओढतंय." त्यांनी कोयत्यानं पाण्यात दाखवलं. "त्यो खलगा हाय ना, त्यान बघ. आमाला पैसं मिलतात तिथं." मग पुन्हा वाकून म्हणाल्या, "परवाच्याला एक बाय पन शोधत होती. रडत होती बिचारी. बारा वाजलं का पानी चढंल, बिगी बिगी कर."

मला त्यातलं पहिलं ऐकू आलं आणि शेवटचं ऐकू आलं. मधलं वाक्य कानावरून गेलं. गेलं म्हणजे, मी जाऊ दिलं.

खळगा पंधरा पावलं आत होता. पाणी मांडीला लागलं. घसा सुकला, हुंकार फाटायला लागला, तरी सूर सोडला नाही. रिंग तळाशी टेकवायची, सरकवायची, टेकवायची. ऊन डोक्यात घुसलं होतं. पाय एका जागी ठेवला की वाळू खालून निघून जायची, म्हणून सारखं हलत राहायचं, आणि मला तरी दुसरं काय येत होतं त्या आठवड्यात? आणि मग चिर्र. बारीक. इतका बारीक की मला वाटलं माझाच आवाज फुटला. परत फिरवलं. चिर्र. झारा घातला, वर काढला, वाळू गळाली, शिंपला गळाला, आणि भोकात अडकून राहिलं एक पिवळं वळं.

मी ओरडलो असेन. आजींनी मान वर केली. "मिललं?"

"मिळालं!"

बारीक वळं. सोन्याचं. फक्त वरचा खडा नव्हता, रिकामं कोंदण. खालच्या बाजूला काहीतरी हिरवट गुंडाळलेलं, शेवाळ असेल. खडा गेला असणार पाण्यात, वाळूनं घासून. खडा बसवता येतो. कॅम्पात कुणीही बसवून देईल. हे सगळं मी माझं मलाच एका दमात सांगितलं. जास्त वेळ बघितलंच नाही. ज्या माणसाला घाई असते ना, तो हातातली वस्तू बघत नाही, खिशात टाकतो. मी शर्टाच्या खिशात टाकली, वरून सेफ्टी पिन मारली, आणि पळालो. एस.टी.त दर पाच मिनिटांनी खिसा दाबून बघत होतो. मशीन वाटेत कुठं बसमध्ये आपटलं आणि रिंग तुटली, त्याचंही काही वाटलं नाही.

संध्याकाळी सातला घरी. पाय मिठानं पांढरे. ताई गॅलरीत मेथी निवडत बसली होती. बोटाला चिंधी नव्हती.

"चिंधी कुठाय? आई आहे ना आत?"

"सांगून टाकलं," ताई म्हणाली.

"कुणाला?"

"सगळ्यांना. दुपारी एस.टी.डी.वाल्याकडे जाऊन त्यांना फोन केला, मग घरी येऊन आईला. मला होईना रे. चार दिवस बोट लपवून लपवून हातच माझा वाटेना."

"सासूबाई काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, बरं झालं तूच सांगितलंस, साडीच्या दुकानात कळलं असतं तर मी चारचौघांत काहीतरी बोलले असते." ताईनं मेथीची काडी मोडली. "रडत होत्या थोड्या. आईचं सोनं ना. पण रविवारी येतायत. नेसायला निळी काढून ठेव म्हणाल्या."

"मग आता हे घे!" मी पिन काढली आणि अंगठी तिच्या तळहातावर ठेवली.

ताईचा चेहरा एकदम असा उजळला की मला वाटलं सगळं वसूल. तिनं ती बोटात घातली. अंगठी पेरावर अडली. तिनं काढली, दिव्याखाली धरली, नखानं खालचा हिरवा भाग खरवडला.

"हे काय आहे?"

"शेवाळ."

"दोरा आहे हा." ती हळू म्हणाली. "अंगठी सैल झाली की बायका खालून दोरा गुंडाळतात, निसटू नये म्हणून. माझी कुठं सैल होती? आणि दोरा काढला तरी हिला माझ्यापेक्षा बारीक बोट लागेल." तिनं दोरा ओढून बघितला. "कुजलेला पण नाही. नुकतीच गेलीय कुणाची तरी. तिथं कुणी काही म्हणालं नाही तुला?"

मग सांगितलं. परवाची बाई, रडत होती, आजी म्हणाल्या.

"आणि तू उचलून पळत आलास?"

"मला वाटलं तुझी आहे."

"वाटलं, का वाटून घेतलंस?"

मी वाकून मेथीची एक काडी उचलली. तेवढ्यात आई दारात आली. ती किती वेळ उभी होती कुणास ठाऊक. हातात लाटणं, पण मारायला नव्हतं, पोळ्या चालल्या होत्या. तिनं पिशवीतून डोकावणारा झारा ओढून काढला. दांडा वाकलेला, भोकांत वाळू.

"वाहवा," आई म्हणाली. "बहिणीची घालवलीस ती घालवलीस, वर दुसऱ्याच्या लेकीची उचलून आणलीस? ती बाई आज तिथं चाळत बसली असेल वाळू, आणि तिची अंगठी आमच्या गॅलरीत, मेथीत! अरे तिच्या घरी कुणी तिला बोलत असेल की नाही? तुझ्या ताईला सासू बरी मिळाली, सगळ्यांना मिळते? आणि समुद्रात एकटा उतरलास ते वेगळंच, ते तुझे बाबा आले की होईल. पोहता येतं का तुला? टाकीत उतरायला घाबरतोस! उद्या पहिल्या गाडीनं जायचं. त्या आजींना शोधायचं, त्या बाईचं गाव विचारायचं, तिच्या हातात अंगठी द्यायची आणि मग घरी यायचं. आणि तिथं आवाज काढायचे नाहीत, तुझ्या स्वतःच्या आवाजात बोलायचं, असेल तो तर. मान काय हलवतोस? हो म्हण. आणि तिथंच उभा राहा, आत येऊ नकोस, आधी पाय धू. सकाळीच फरशी पुसलीय मी."